अंबादासचा अंगठा

वीज गेली की माझी नात विनता कंदील आणून माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, "आजोबा, वो कवेलूवाली गोष्ट सांगा ना." कवेलू म्हणजे छपरावरची कौलं. मी सांगतो. सांगून झाली की ती म्हणते, मागच्या वेळी असं नव्हतं. तिचं खरंही असेल. मी शहात्तर वर्षांचा आहे. जन्मभर कॉलेजात पोरांना तर्कशास्त्र शिकवलं आणि स्वतः मात्र दाराला कुलूप लावलं की नाही हे पाहायला रोज कोपऱ्यावरून परत येत राहिलो. तेव्हा मी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं का, अशी शंका कुणी काढली तर मी भांडणार नाही. ती शंका मी स्वतः घेऊन चुकलो आहे. पण आता लिहूनच ठेवतो, म्हणजे विनताला पुढच्या वेळी पडताळून बघता येईल.

अडतीस सालचा डिसेंबर होता. मी नागपूरहून एम. ए., एलएल. बी. होऊन आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात परत आलो होतो. दोन पदव्या होत्या आणि खटला एकही नव्हता. सिव्हिल लाइन्समध्ये भय्यासाहेब म्हणून एक जुने वकील होते, त्यांच्या हाताखाली मी कागद लावायचं काम करायचो. एके दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"ग्वारीघाटच्या रस्त्याला कवेलूंचा कारखाना आहे, ठाऊक आहे? तिथं मजुरांनी संप केला आहे. आज पोलीस त्यांचे अंगठे घेणार. तू जाऊन बस."

"मी काय करू तिथं?"

"काही नाही. नुसता बस. वकील बघतो आहे म्हटलं की लाठी जरा हळू पडते."

"आणि तरी पडलीच तर?"

"तर किती पडल्या ते मोज. मोजायला तुला आवडतंच की."

ते खरं होतं. जिन्याच्या पायऱ्या, छताचे वासे, मी सगळं मोजायचो, आणि एकदा मोजून माझा विश्वास बसत नसे. मी सायकल काढली. गोरखपूरच्या बाजारात थांबून खोव्याची जलेबी खाल्ली, कारण पोलिसांसमोर उपाशी पोटी जाऊ नये असं मला उगीच वाटलं. ऊन कोवळं होतं. जलेबी गरम होती. तिथपर्यंतचा दिवस अगदी छान होता, हे मला आजही ठामपणे सांगता येतं.

कारखाना म्हणजे एक मोठं आवार. एका बाजूला चिखल मळायचा हौद, त्याच्या पुढे कच्ची कवेलू वाळवायची लांब छपरी, आणि मागे विटांची घुमटासारखी भट्टी. भट्टीला खिडकी नव्हती. एकच दार, माणूस वाकून आत जाईल एवढं. अकरा दिवस काम बंद होतं. हौदातली माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

दाराजवळच्या चिंचेखाली एका बाईला दोरीनं झाडाला बांधून बसवलं होतं. पस्तिशीची असेल. तिनं मला नखशिखांत पाहिलं.

"तुम्ही भय्यासाहेबांकडचे वकील काय जी?"

"हो."

"मोठे वकील नाही आले?"

"मला पाठवलं."

"अच्छा. चलो, काही नाही तर सावली तरी पडेल तुमची." आणि ती हसली. "मी शकु. माती वाहते इथं. हे सगळं मीच केलं म्हणतात."

सगळं म्हणजे काय, ते तिनं मला थोडक्यात सांगितलं. मजुरांच्या दोन मागण्या होत्या. हजार कवेलूंमागे मजुरी थोडी वाढवा, ही पहिली. आणि भट्टी पुरती थंड झाल्याशिवाय आत माणूस घालू नका, ही दुसरी. गेल्या जेठात मालकानं घाईघाईनं गरम भट्टी उघडायला लावली होती. घुमटाचा एक भाग खाली आला आणि अंबादास नावाचा म्हातारा कारागीर आतच गेला; मालकानं ते कागदावर येऊच दिलं नाही. परवा पोलिसांनी वस्तीत जाऊन घरोघरच्या चुली लाथेनं फोडल्या होत्या. दिवाकर म्हणून एक तरुण कारागीर आडवा आला, तर त्याचं मनगट लाठीनं सुजवलं.

"आणि आज?"

"आज कागद आणला आहे. शकुनं धाक घालून आम्हाला संपाला लावलं, असं लिहिलं आहे त्यात. चोवीस जणांचे अंगठे झाले की मी गेली दोन वर्षं आत, आन् संप खतम." ती दोरीशी चाळा करत म्हणाली, "तेवढी बसायची सवय लावून राहिली मी."

ठाणेदार भट्टीच्या दारासमोर टेबल टाकून बसला होता. मला वाटलं होतं मोठ्या आवाजाचा माणूस असेल. तसा नव्हता. शेंगदाण्याची टरफलं तो रुमालात नीट गोळा करत होता. मला त्यानं खुर्ची दिली.

"आइए वकील साहब. हम मारते-वारते नहीं. बदनामी होती है," तो म्हणाला. "सब अंदर आराम से बैठे हैं. देख लीजिए."

म्हणजे सगळ्या मजुरांना भट्टीत कोंबलं होतं. त्याच भट्टीत. मी वाकून आत गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत हाताला हात दिसत नव्हता. जुन्या राखेचा कोरडा वास घशात बसत होता. माणसं भिंतीला लागून बसली होती. मी आपलं काम सुरू केलं. डोळे जरा सरावल्यावर डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीस. एवढ्यात कुणीतरी अंधारातून माझा डावा अंगठा हलकेच धरला. पकड घट्ट नव्हती, पोराला चालायला शिकवताना धरतात तशी होती. हात गार आणि ओला होता. बिचारं घाबरलं असेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. मी तसाच उभा राहून तिसऱ्यांदा मोजलं. चोवीस आले. माझ्या मोजणीवर माझा कधीच भरवसा नव्हता, म्हणून मी बहुमतानं तेवीस धरून बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मी अंगठा कोटाला पुसला. कोटावर ओल्या मातीचा पट्टा उमटला. अकरा दिवस त्या आवारात कुणी माती भिजवली नव्हती, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला गोष्टी नेहमी उशिरा सुचतात.

कारखान्याचा मुनशी रामकृष्ण हजेरीपट घेऊन ठाणेदाराशेजारी उभा राहिला. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नावं त्यानं वाचायची आणि एकेकानं बाहेर येऊन अंगठा द्यायचा, असं ठरलं होतं. त्यानं पहिलं नाव वाचलं.

"अंबादास."

मी चमकून शकुकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. मी उठून, पाय मोकळे करतो असं दाखवत, चिंचेपाशी गेलो.

"हा तो... मेलेला?"

"हळू बोला जी." पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "आमच्यात रीत आहे. कच्च्या कवेलूच्या कोपऱ्यात ज्यानं त्यानं आपला डावा अंगठा दाबायचा, म्हणजे कुणाची किती झाली ते मुनशीला कळते. अंबादासदादाच्या अंगठ्यावर तारेनं कापल्याची तिरपी खूण होती. तो गेला, आन् बायको नर्मदाबाई मागं एकटी राहिली. मग आम्ही त्याच्या शेवटच्या कवेलूवरच्या ठशात माती दाबून तसाच अंगठा काढला, भाजून घेतला. रोज सगळे जण चार-चार कवेलू जास्त करतात आन् त्यावर तो अंगठा मारतात. मजुरी नर्मदाबाईला जाते. पटावर दादा अजून जिताच आहे."

"मुनशीला ठाऊक नाही?"

"त्याला कवेलू दिसतात, माणूस कुठं दिसतो?"

कायदा शिकल्याचा हाच तोटा. दुसऱ्याला नुसता माणूस दिसतो तिथं आपल्याला कलम दिसतं. अंबादास मेला असं सांगावं तर फसवणुकीचा खटला सगळ्यांवर. न सांगावं तर अंबादास आणायचा कुठून?

"पहला ही नाम गायब?" ठाणेदार मुळीच रागावला नाही. त्यानं हवालदाराला खूण केली. भट्टी पेटवण्याआधी तिचं दार विटा रचून बंद करतात, त्या विटा बाजूलाच पडल्या होत्या. हवालदार दोन शिपाई घेऊन त्या दारात रचू लागला. "जब तक अंबादास नहीं आता, दीवार चढ़ेगी. हमें कोई जल्दी नहीं."

एक रांग झाली. मुनशीनं पुन्हा नाव वाचलं. दुसरी झाली. आत कुणाला तरी खोकला लागला. कारण नसताना शिपायांनी भट्टीच्या तोंडाशी गवताचे दोन भारे आणून टाकले. ठाणेदारानं शेंगदाण्याचं टरफल रुमालात टाकलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "आपके पिताजी विष्णुपंत मास्टर, सरकारी स्कूल में हैं ना? बड़े भले आदमी हैं."

एवढंच. मी एकच वाक्य बोलायला हवं होतं, की हे बेकायदेशीर आहे. ते वाक्य मला तीन भाषांत येत होतं. एकाही भाषेत ते बाहेर पडलं नाही.

भिंत कमरेइतकी झाली. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं होतं. आणि मग आतून आवाज आला.

थप... थप...

ओली माती साच्यात बसवताना तळहातानं थापटतात, तसा. सावकाश, सवयीच्या हाताचा. हवालदाराच्या हातातली वीट तशीच राहिली. भट्टीच्या तोंडातून गारवा आला आणि त्यासोबत वास, भिजलेल्या चिकणमातीचा. कोरड्या राखेचा वास कुठल्या कुठे गेला.

थप...

एक म्हातारा बाहेर उभा होता. ती कमरेइतकी भिंत त्यानं कशी ओलांडली ते मी पाहिलं नाही, आणि डोळे मिटल्याचंही मला आठवत नाही. आधी तो आत होता, मग बाहेर. डोक्याला फडकं. कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले, आणि ती माती ओली. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. टेबलापाशी येऊन डावा हात पुढे केला.

हवालदारानं मनगट धरून अंगठा शाईवर आणि मग कागदावर दाबला. लगेच आपला हात पँटला पुसत तो पुटपुटला, "कितना ठंडा हाथ है रे बाबा..."

"बीमार है?" ठाणेदारानं विचारलं.

म्हातारा हौदाच्या दिशेनं चालत गेला आणि छपरीच्या सावलीत दिसेनासा झाला. मुनशीनं पटावरची नजर अजिबात वर केली नव्हती. शकु झाडाला टेकून बसली होती. तिचे डोळे मोठे झाले होते. मग ती हळूच हसली, कुणी ओळखीचं माणूस बाजारात अचानक भेटल्यावर हसतात तसं.

शिपायांनी विटा काढल्या. त्यानंतर मात्र आश्चर्य झालं. नाव घेतलं की माणूस बाहेर येत होता. रामराव आला, पुष्पा आली, सुजलेला हात सांभाळत दिवाकर आला. सगळ्यांनी मुकाट्यानं अंगठे दिले. हवालदारानं एकेकाचं मनगट धरलं होतं आणि मी हातभर अंतरावर बसलो होतो. तेवीस जिवंत माणसांचे तेवीस जिवंत अंगठे. आणि ते देताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू होतं. शकुला तुरुंगात धाडताना हे हसतात कसे, मला कळेना.

शेवटी ठाणेदारानं कागद माझ्यापुढे सरकवला. "गवाह में आप. लिखा है कि सबने राज़ी-ख़ुशी से अंगूठा दिया. मज़दूरों के वकील की ही गवाही हो तो अच्छा है."

मी सही केली.

हे मी विनताला सांगताना घाईघाईनं सांगतो. पण लिहायचंच तर नीट लिहितो. मला कुणी मारलं नाही, धमकावलंही नाही म्हणता येईल. वडिलांचं नाव घेतलं एवढंच. मी टाक उचलला आणि पूर्ण नाव लिहिलं, खाली दोन्ही पदव्या लिहिल्या. टाकाची कुरकुर मला अजून ऐकू येते. लिहीत असताना डावा अंगठा कुणीतरी धरल्यासारखा गार पडला होता. भीतीनं, असं मी धरून चाललो.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी भय्यासाहेबांना सगळं सांगितलं. म्हातारा भट्टीतून आला तेही सांगितलं. "लाठ्या किती पडल्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग सहीचं काय ते मी बघतो. म्हाताऱ्याचं मात्र कोर्टात बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर शकुला उभं केलं. कागद उघडला. भय्यासाहेबांना चाळिशी लागली होती, ते नेहमी भिंग वापरत. त्यांनी भिंग कागदावर धरलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं आणि मग ते भिंग अदबीनं मॅजिस्ट्रेटपुढे ठेवलं.

"हुजूर, मला डोळ्यांचा त्रास आहे. हे चोवीस अंगठे मला एकाच माणसाचे दिसून राहिले आहेत."

चोवीसही ठशांवर तारेनं कापल्याची तिरपी रेघ होती. एकाच जागी, एकाच लांबीची. मॅजिस्ट्रेटनं ठाणेदाराला विचारलं, एकाच माणसाला पकडून चोवीस वेळा अंगठा घेतलात? ठाणेदाराच्या तोंडून पहिल्यांदाच मोठा आवाज निघाला. "गवाह है साहब. वकील है. दस्तख़त हैं उसके."

मॅजिस्ट्रेटनं कागदाच्या तळाशी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही किती शिकला आहात?"

"एम. ए., एलएल. बी."

"मग इथं अंगठा काय म्हणून लावलात?"

कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला. शकु तर पदरात तोंड घालून हसत होती. मी पुढे जाऊन पाहिलं. जिथं मी माझं नाव लिहिलं होतं तिथं शाईचा एक ठसा होता, तिरप्या रेघेचा. अक्षर एकही नव्हतं.

रामकृष्ण मुनशीला पुढे बोलावलं. रोज हजारो कवेलूंवरचे अंगठे बघणारा माणूस. त्यानं दोऱ्यानं बांधलेला चष्मा सारखा केला, कागदावर वाकला, आणि मला वाटतं त्याचे ओठ हलले. मागच्या बाकावर पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"हा ठसा कुणाचा? ओळखता?"

"नाही साहेब," रामकृष्ण म्हणाला. "असा अंगठा मी कधी पाहिला नाही."

कागद फेकला गेला आणि शकु सुटली. ठाणेदाराची बदली झाली. पंधरा दिवसांत मालकानं दोन्ही मागण्या मान्य केल्या. शकु सुटली त्याच संध्याकाळी वस्तीत नव्यानं लिपलेल्या चुलींवर पुऱ्या तळल्या गेल्या, आणि मला मानाच्या पाटावर बसवून सगळी पोरंबाळं "अंगठेबहाद्दर वकील" म्हणून चिडवत होती. त्या दिवसाइतकं मोकळं मी पुन्हा कधी हसलो असेन असं वाटत नाही.

जेवताना मी दिवाकरला विचारलं, "खरं सांग. मातीचा तो अंगठा तुम्ही शाईत बुडवला ना? हवालदाराच्या नकळत?"

"काहून मस्करी करता जी. तुम्ही समोरच होते ना बसून." त्यानं पुरी मोडली. "भट्टीत आम्ही ठरवलं होतं, मरू पण अंगठा देणार नाही. मग अंधारात कुणी तरी एकेकाचा अंगठा धरत गेलं. दादा नव्या माणसाला ठसा शिकवायचा ना, तसा. मग भेव नाही वाटलं. वाटलं, देऊन टाका."

कोर्टातली ती पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी नर्मदाबाईच होती. तिनं मला उठवून आपल्या झोपडीत नेलं. देव्हाऱ्यात, हळदकुंकवाच्या शेजारी, तो भाजलेला मातीचा अंगठा ठेवला होता. मी उचलून पाहिला. स्वच्छ होता. शाईचा थेंब नव्हता.

"चार दिवस इथंच आहे," ती म्हणाली. "तुमचाही धरला होता काय जी त्यानं?"

मी हो म्हणालो.

"मग ठीक." तिनं पदरानं तो पुसून जागेवर ठेवला. "तो धरला की सोडत नाही लवकर."

मी वकिली सोडली ती त्याच हिवाळ्यात. सहीची भीती बसली असं म्हणा. शिकवू लागलो, संसार झाला, निवृत्त झालो. नर्मदाबाई, शकु, रामकृष्ण, सगळे एकेक करून गेले. कारखान्याच्या जागी आता घरं आहेत. माझी गोष्ट इथंच संपायची, आणि विनताला अजून इतकीच ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. माणूस जिवंत आहे असं दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. सून मीरा मला ऑफिसात घेऊन गेली. अलीकडे माझा हात फार कापतो, सही जुळत नाही, म्हणून कारकून म्हणाला, "राहू द्या सर, अंगठा लावा." मीरा हसली, तिनं किस्सा ऐकलेला आहे. मीही हसलो. कारकुनानं माझा डावा अंगठा शाईवर टेकवून कागदावर दाबला.

"कापलं होतं का सर कधी?" त्यानं कागद उजेडात धरून विचारलं.

"नाही. काहून?"

त्यानं कागद माझ्याकडे वळवला. मी ठसा पाहिला, मग माझा अंगठा पाहिला. अंगठ्यावर कुठेही काही नाही. मी तो घरी येऊन भिंगाखालीही पाहिला, तीन वेळा. तिन्ही वेळा नाही.

दाखला मंजूर झाला. पेन्शन वेळेवर आली. त्या कागदानुसार कुणीतरी जिवंत आहे, एवढं नक्की.

दाखला दिला त्या रात्री शाई धुवायला मी नळाखाली हात धरला. शाई लगेच गेली. नखाखालून मात्र बराच वेळ ओली माती निघत राहिली.